सरावात जमतं, सामन्यात बिघडतं: मनाची तयारी कोणत्या क्रमाने करायची

शनिवारी रात्री नऊच्या सुमारास फोन येतो. "मॅडम, उद्या मॅच आहे. जरा त्याच्याशी बोला ना, फार टेन्शन घेतलंय." मी बोलते, कारण नाही म्हणवत नाही. पण त्या वेळच्या बोलण्याने फारसं काही हाती लागत नाही. आदल्या रात्री बॅकहँड शिकवा म्हणून कुणी फोन करत नाही, मन मात्र एका रात्रीत तयार व्हावं अशी आशा असते.

ठाण्यात मुलांना बॅडमिंटन शिकवताना मला वर्षानुवर्षं हीच चूक दिसते. कबड्डीचे संघ सांभाळणारे ओळखीचे प्रशिक्षकही हेच सांगतात. पालक आणि मुलं मनाची तयारी करतात, पण उलट्या क्रमाने. सुरुवात होते डोळे मिटून ट्रॉफी बघण्यापासून, मग मोबाइलवरचं जोशाचं भाषण, आणि हात थरथरायला लागले की "दीर्घ श्वास घे". तोपर्यंत पहिला गेम गेलेला असतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे. उदाहरणं मुख्यतः बॅडमिंटनची आहेत, कारण ते मला आतून माहीत आहे. कबड्डी, टेबल टेनिस, धावणं यांना तेच लागू पडतं. फरक असेल तिथे सांगितलं आहे.

## सुरू करण्याआधी

सामान थोडंच लागतं. एक साधी वही, घड्याळ, आणि हातात साधारण आठ आठवडे. वही खेळाडूनेच लिहायची. आईने किंवा बाबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेली वही मी परत पाठवते. स्वतःचा अनुभव स्वतः शब्दांत पकडणं हाच पहिला सराव आहे.

तीन गोष्टी आधी तपासा.

पहिली, झोप. 13 ते 18 वयाच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते. सकाळी साडेपाचला कोर्ट, दिवसभर शाळा, संध्याकाळी क्लास आणि रात्री बारापर्यंत फोन, असं चालू असेल तर चिडचिड आणि धडधड ही झोपेची आहे. मनाच्या कुठल्याही तंत्राने ती जाणार नाही.

दुसरी, दुखणं. खांदा दुखत असताना सामन्याची धास्ती वाटणं स्वाभाविक आहे. आधी डॉक्टर.

तिसरी, कौशल्य. कोर्टवर कुणी नसताना 20 शॉर्ट सर्व्हिस करायला लावा. नेटच्या वर फूटभर उंचीवर सुतळी बांधा. शटल सुतळीच्या खालून, नेटच्या वरून गेलं तर एक गुण. एकट्याने 20 पैकी 9 जमत असतील तर सामन्यात बिघडतं ते मनामुळे नव्हे. सर्व्हिसच अजून बसलेली नाही. एकट्याने 16 आणि सामन्यात निम्म्याही नाहीत, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

सावध: स्पर्धा पुढच्याच आठवड्यात असेल तर फक्त टप्पा 3 आणि टप्पा 8 मधलं दिवसाचं वेळापत्रक घ्या. घाईघाईत सगळं कोंबलं तर मुलाच्या डोक्यावर आणखी एक परीक्षा बसते.

## टप्पा 1: आधी नोंद, मग उपाय

पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही. फक्त लिहायचं. आठवड्याला तीन-चार सामने मिळतील असं बघा. क्लबमधले सरावाचे सामनेही चालतील.

प्रत्येक सामन्याआधी दहा मिनिटं वहीत एक आकडा लिहायचा: अंगात किती ताण आहे, 0 ते 10. शून्य म्हणजे दुपारच्या जेवणानंतरची सुस्ती, दहा म्हणजे पायच उचलत नाहीत. खाली दोन रकाने. डावीकडे शरीर: छाती धडधडते, तळवे घामेजतात, पुन्हा पुन्हा बाथरूमला जावंसं वाटतं, पोटात गोळा येतो. उजवीकडे विचार: "हरलो तर सर काय म्हणतील", "समोरचा सीडेड (मानांकित) आहे", "मागच्या वेळीही इथेच हरलो". सामना झाल्यावर आणखी एक आकडा: निकाल काहीही लागो, मी किती चांगला खेळलो, 0 ते 10.

दोन रकाने कशासाठी? खेळाच्या मानसशास्त्रात शरीराची घबराट आणि विचारांची काळजी वेगळी धरतात, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा असतो. धडधड श्वासाने उतरते. "सर काय म्हणतील" हा विचार नुसत्या श्वासाने जात नाही, त्याला शब्द आणि ठरलेलं काम लागतं. मुलाचा कोणता रकाना जास्त भरतो ते कळलं की पुढे कुठल्या टप्प्यावर जोर द्यायचा ते कळतं.

सात-आठ सामने झाले की दोन आकडे शेजारी ठेवा. ज्या सामन्यांत खेळ 7 च्या वर होता, त्यांच्याआधी ताण किती होता? कुणाचा 3 ते 4 निघतो, कुणाचा 6 ते 7. हा त्या खेळाडूचा स्वतःचा पट्टा. युरी हानिन या मानसशास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट मांडली: प्रत्येक खेळाडूचा चांगल्या कामगिरीचा पट्टा वेगळा असतो, सगळ्यांना एक माप लागत नाही. रायफल नेमबाजाला आणि चढाईला जाणाऱ्या कबड्डीपटूला सारखाच ताण मानवेल, असं धरून चालूच नका. एकाच संघातल्या दोन चढाईपटूंचेही पट्टे वेगळे निघतात.

नेहमीची चूक: "शांत राहा" हा सगळ्यांना एकच सल्ला. माझ्याकडची एक मुलगी 6 वर असतानाच उत्तम खेळते. तिला मी वर्षभर शांत करत होते आणि ती पहिला गेम झोपेत असल्यासारखी हरत होती. वही सुरू केल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

दुसरी चूक अधिक त्रासाची. "खरा खेळाडू घाबरत नाही" असं घरात बोललं जातं आणि मूल आकडा खोटा लिहायला लागतं. 30 ऑक्टोबर 2025 ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 धावा केल्या. त्याच रात्री, सामना संपल्यावर, तिने सगळ्यांसमोर सांगितलं की या स्पर्धेत ती तीव्र चिंतेतून जात होती. हे मुलांना सांगा. अस्वस्थता आणि उत्तम खेळ एकाच अंगात राहू शकतात हे त्यांना ऐकू द्या.

तपासा: वहीतले सगळे आकडे 2 किंवा 3 च असतील तर मूल तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहितंय. वही बघणं थांबवा. फक्त ती भरली आहे का एवढं विचारा.

## टप्पा 2: ध्येयाची भाषा बदला

ध्येयं तीन जातींची असतात. "जिल्हा स्पर्धा जिंकायची" हे निकालाचं. "20 पैकी 16 शॉर्ट सर्व्हिस सुतळीखालून" हे कामगिरीचं. "शटल सोडण्याआधी श्वास सोडायचा" हे कृतीचं.

निकालाचं ध्येय वर्षाच्या सुरुवातीला वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पान उलटा. ते समोरच्या खेळाडूवर, स्पर्धेच्या ड्रॉ वर (कोण कुणाशी खेळणार त्या यादीवर), लाइन्समनवर अवलंबून असतं. कामगिरीची ध्येयं सरावाला. सामन्याच्या दिवशी फक्त कृतीची, आणि तीही दोनच. पाच दिली तर एकही आठवत नाही.

ती दोन मुलालाच निवडू द्या, तुम्ही फक्त पर्याय सांगा. स्वतः निवडलेल्या गोष्टीवर मूल टिकतं, लादलेली गोष्ट तिसऱ्या दिवशी सुटते.

सावध: "शेजारच्या सोसायटीतला मुलगा बघ, तुझ्याच वयाचा आहे, राज्य पातळीवर खेळतो." या वाक्याने मूल तुलनेत अडकतं. तुलनेत अडकलेलं मूल आपल्याहून सरस खेळाडूशी खेळायचंच टाळू लागतं, आणि तिथेच त्याची वाढ थांबते. तुलना करायची तर गेल्या महिन्याच्या वहीशी करा.

## टप्पा 3: श्वास, रोज, सामना नसताना

नाकाने 4 आकडे मोजत श्वास घ्यायचा, 6 आकडे मोजत सोडायचा. एक श्वास 10 सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला 6. पाच मिनिटांत 30. सोडणं घेण्यापेक्षा लांब, यातच सगळं आहे. श्वास सोडताना हृदयाचा वेग थोडा उतरतो. पोट हलायला हवं, खांदे नव्हे. सुरुवातीला मुलाला आडवं झोपवून पोटावर हलकी वही ठेवा. वही वर-खाली झाली की बरोबर.

पहिला आठवडा रात्री झोपण्याआधी. दुसरा आठवडा बसून, दिवसा. तिसऱ्या आठवड्यात उभं राहून, दोरीवरच्या उड्या मारून झाल्यावर लगेच, धाप लागलेली असताना. हा शेवटचा भाग लोक गाळतात. कोर्टवर तुम्ही कधीच आडवे नसता आणि कधीच ताजेतवाने नसता. धापेतून दोन लांब श्वासांत परत येता आलं पाहिजे.

ज्यांचा शरीराचा रकाना जास्त भरतो त्यांनी आणखी एक गोष्ट करावी. मूठ, दंड, खांदे, चेहरा, पोट, मांड्या, पोटऱ्या अशा क्रमाने एकेक भाग पाच सेकंद घट्ट आवळायचा आणि सोडायचा. आवळणं आणि सोडणं यांतला फरक कळला की सामन्यात रॅकेट जास्त दाबली जातेय हे स्वतःलाच जाणवतं. ग्रिप आवळली की मनगट अडकतं आणि ड्रॉप नेटमध्ये जातो, हे प्रत्येक प्रशिक्षकाने पाहिलेलं आहे.

सावध: आवळण्या-सोडण्याचा व्यायाम सामन्याच्या आधी करू नका. अंग ढिलं पडतं. तो रात्रीचा. श्वास बराच वेळ रोखून धरायला लावू नका. चक्कर आली तर लगेच थांबा. दमा असलेल्या मुलांबाबत आधी डॉक्टरांना विचारा.

तपासा: उड्यांनंतर दोन लांब श्वास घेऊन लगेच पाच सर्व्हिस. पाचपैकी चार सुतळीखालून गेल्या तर पुढे जा. नाही तर आणखी एक आठवडा इथेच.

## टप्पा 4: स्वतःशी काय बोलायचं

प्रत्येक खेळाडू खेळताना स्वतःशी बोलतो. फक्त काय बोलतो हे त्याने कधी ऐकलेलं नसतं. एका सरावात मुलाला ते मोठ्याने बोलायला सांगा. "अरे काय करतोयस", "परत तेच", "गेली मॅच". ऐकून पालक दचकतात.

आता दोन शब्द शोधायचे. अचूकतेच्या कामाला सूचनेचा शब्द: "बघ", "वर", "सोड". दम आणि जोर लागतो तिथे जोशाचा शब्द: "चल", "अजून", "हाण". नाजूक सर्व्हिसच्या आधी "हाण" म्हटलं तर शटल मागच्या रेषेबाहेर जाणार, इतकं ते सरळ आहे. शब्द मुलाच्या घरातल्या बोलीतला असू द्या. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना वाटतं की असे शब्द इंग्रजीतच हवेत. पण आजी जेवायला वाढताना ज्या भाषेत बोलते, त्या भाषेतला शब्द घाईत पटकन सापडतो.

शब्दाचा रोख अंगाबाहेर असला तर उत्तम. "मनगट वाकव" यापेक्षा "सुतळीखालून". स्वतःच्या सांध्यांकडे लक्ष गेलं की बसलेली हालचाल विस्कटते. शटल कुठे जायला हवं तिकडे लक्ष ठेवलं की शरीर आपलं काम करतं. मुरलेल्या गोल्फ खेळाडूंना स्वतःच्या हाताच्या हालचालीवर लक्ष द्यायला लावलं तेव्हा त्यांचे फटके बिघडले, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. दबावाखाली चांगले खेळाडू अचानक नवशिके का दिसतात याचं एक मोठं कारण हेच. ते हालचाल पुन्हा पायरीपायरीने "करायला" जातात.

नेहमीची चूक: "नेटमध्ये मारू नकोस." औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि माकडच आठवतं. "नको" असलेलं प्रत्येक वाक्य "काय करायचं" यात बदला. "नेटमध्ये नको" ऐवजी "वरून". "घाई नको" ऐवजी "थांब, बघ".

याच टप्प्यात "जर-तर" ची तीन वाक्यं वहीत लिहा. "जर सलग तीन गुण गेले, तर मी टॉवेल मागीन आणि दोन श्वास घेईन." "जर लाइनचा निर्णय चुकीचा दिला, तर मी पाठ फिरवून रॅकेटच्या तारा नीट करीन." "जर समोरचा ओरडला, तर मी शटलकडे बघीन." आधी ठरलेलं असलं की त्या क्षणी विचार करावा लागत नाही.

## टप्पा 5: मनातला सराव

या टप्प्याने लोक सुरुवात करतात आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पलंगावर पडून, डोळे मिटून, पदक गळ्यात पडतंय असं बघायचं. छान वाटतं. झोपही लागते. खेळात फरक पडत नाही.

मनातला सराव खऱ्या खेळाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. होम्स आणि कॉलिन्स या संशोधकांनी 2001 मध्ये यासाठी एक आराखडा मांडला. त्याचं सार घरच्या भाषेत असं: खेळाचे कपडे आणि बूट घाला. हातात रॅकेट धरा, उभे राहा. शक्य असेल तर रिकाम्या कोर्टवर करा, नाही तर त्या हॉलचा फोटो समोर ठेवा. शेजारच्या कोर्टचे आवाज, घामाने ओली ग्रिप, बुटांची कुरकुर, पोटातला गोळा, सगळं आत येऊ द्या. स्वतःच्या डोळ्यांतून बघा, टीव्हीवर दिसतं तसं नव्हे. आणि खऱ्या वेगाने.

वेग घड्याळाने मोजा. सर्व्हिस, परतीचा फटका, लिफ्ट, स्मॅश, नेट: खऱ्या कोर्टवर या पाच फटक्यांना जेवढे सेकंद लागतात तेवढेच मनात लागले पाहिजेत. निम्म्या वेळात संपलं तर मूल गोष्ट सांगतंय, खेळत नाहीये.

चूक होणं आणि त्यातून परत येणंही मनात खेळा. शटल नेटमध्ये गेलं, पाठ फिरवली, तारा नीट केल्या, श्वास, शब्द, पुढचा गुण. रोज पाच ते सात मिनिटं बास.

काही मुलांना मनात चित्र दिसतच नाही. त्यांना "नीट प्रयत्न कर" म्हणू नका. त्यांनी आवाजाने आणि अंगाच्या जाणिवेने करावं: शटलचा टप्प आवाज, पुढच्या पायावर येणारा भार. तेवढ्याने काम होतं.

सावध: हा सराव कोर्टवरच्या सरावाच्या जोडीला आहे. पावसाळ्यात हॉल बंद असला किंवा पाय मुरगळला की याचा मोठा आधार होतो, पण एरवी याच्या नावाखाली कोर्ट चुकवू देऊ नका.

## टप्पा 6: रूटीन बांधा

आता तुकडे हातात आहेत: श्वास, शब्द, नजर, मनातलं चित्र. त्यांची एक छोटी माळ करायची. माझ्याकडच्या मुलांची सर्व्हिसच्या आधीची माळ साधारण अशी असते:

1. पाठ नेटकडे, तारांवर बोट फिरवायचं. मागचा गुण इथे संपला.
2. वळून जागेवर यायचं, एक लांब श्वास सोडायचा.
3. शटल जिथे पाठवायचं त्या जागेवर नजर स्थिर, एक-दोन सेकंद. तिथे जाणारं शटल एकदा मनात.
4. शब्द. सर्व्हिस.

सगळं मिळून सहा ते आठ सेकंद. त्याहून लांब झालं तर अंपायर हटकतील, आणि डोक्यात नको ते विचार शिरायला जागाही मिळेल. तिसऱ्या पायरीतली नजर वाटते तितकी किरकोळ नाही. हालचाल सुरू होण्याआधी नजर एका जागी किती स्थिर राहते यावर कॅनडातल्या संशोधक जोन विकर्स यांनी दीर्घकाळ काम केलं आहे. निष्णात खेळाडूंची ती शेवटची नजर जास्त वेळ टिकते. घाबरलेल्या मुलाचे डोळे बघा. नेट, अंपायर, आई, स्कोअरबोर्ड, असे ते सारखे पळत असतात.

कबड्डीत चढाईच्या आधी एवढा वेळ मिळत नाही. तिथे माळ दोन मण्यांची ठेवा: मध्यरेषेकडे जाताना एक लांब उच्छ्वास आणि ज्या कोपऱ्यावर चढाई करायची त्याकडे एक नजर. चढाई 30 सेकंदांची, ती दमातच संपते. तिथे सुरुवातीचा उच्छ्वास घाईचा झाला तर दम लवकर तुटतो. पकड करणाऱ्यांना वेगळी माळ लागते. साखळीतल्या जोडीदाराचा हात दाबणं हीच त्यांची खूण असू शकते.

रूटीन आणि अंधश्रद्धा यांत गल्लत करू नका. रूटीन तुमच्या हातात असतं. लाल रिस्टबँड घरी राहिला म्हणून सामना जाणार असं वाटत असेल तर ती अंधश्रद्धा आहे, आणि ती नेमकी महत्त्वाच्या दिवशी दगा देते. माळेत कुठलीही वस्तू ठेवू नका.

तपासा: मुलाला न सांगता मोबाइलवर सरावाच्या सामन्याचं चित्रण करा. 10 सर्व्हिसपैकी 8 वेळा माळ त्याच क्रमाने, जवळपास तेवढ्याच वेळात झाली तर बसली. मागे पडल्यावर माळ छोटी होत जाते का, ते खास बघा. बहुतेकांची होते.

## टप्पा 7: दबाव आणा, थोडा थोडा

रूटीन शांत हॉलमध्ये बसलं म्हणजे सामन्यात चालेलच असं नाही. त्याला ऊन दाखवावं लागतं. शेवटचे तीन आठवडे यासाठी ठेवा आणि पायऱ्या चढत जा.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक गेम 17-17 पासून सुरू करा. दुसऱ्या आठवड्यात प्रेक्षक आणा: इतर मुलं, पालक, चित्रण करणारा मोबाइल. हरेल त्याने कोर्ट पुसायचं, एवढी साधी किंमत लावा. तिसऱ्या आठवड्यात अन्याय आणा. मीच मुद्दाम दोन लाइन चुकीच्या देते. आधी सांगून ठेवते की आज असं होईल, कधी ते सांगत नाही.

मग एक गोष्ट जी जवळपास कुणी करत नाही: वाट बघण्याचा सराव. स्पर्धेच्या कागदावर दहाची वेळ असते आणि कोर्ट मिळतं दीडला. तोवर मूल दोन वडापाव खातं, फोनवर खेळतं, ड्रॉ तीनदा बघतं आणि अंग थंड झालेलं असताना नाव पुकारतात. सरावाच्या दिवशी मुलांना बोलवा आणि दोन तास बसवून ठेवा. वाट बघताना काय खायचं, कधी चालायचं, फोन कुणाकडे द्यायचा, नाव पुकारल्यावर पाच मिनिटांत अंग कसं तापवायचं, हे त्या दिवशी ठरवा आणि वहीत लिहा.

जमलं तर अनोळखी हॉलमध्ये एक सामना खेळवा. ठाण्याच्या मुलांना ट्रान्स-हार्बर लोकलने नेरुळ किंवा वाशीला न्या, तिकडच्यांना इकडे आणा. छताची उंची, दिवे, वाऱ्याचा झोत, सगळं बदलतं. पावसाळ्यातल्या दमट हॉलमध्ये ग्रिप सुटते, तेही एकदा अनुभवू द्या.

सावध: अपमान म्हणजे दबावाचा सराव नव्हे. सगळ्यांसमोर वजनावरून, रडण्यावरून, घरच्या परिस्थितीवरून बोलणं याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. अशा जागी मूल कणखर होत नाही, लपायला शिकतं. तुमच्या क्लासमध्ये हे चालत असेल तर क्लास बदला.

तपासा: दबावाच्या खेळात मूल हरलं तरी माळ करतंय का? हो, तर पुढची पायरी. माळच विसरलं तर एक पायरी मागे.

## टप्पा 8: सामन्याचा दिवस

या दिवशी नवीन काहीच नाही. नवे बूट नाहीत, नवा शब्द नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं नवं श्वासाचं तंत्र नाही.

वेळ उलटी मोजा. दहाचा सामना असेल तर नऊला हॉलवर, साडेसातपर्यंत हलका नाश्ता, आठच्या आत घर सोडलेलं. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी आणखी अर्धा तास धरावा; रिक्षात घड्याळ बघत आलेलं मूल हॉलमध्ये शिरतानाच 8 वर असतं. किटबॅग आदल्या रात्री भरलेली.

हॉलवर पोचल्यावर आकडा लिहा आणि स्वतःच्या पट्ट्याशी ताडून बघा. पट्ट्याच्या वर असेल तर दोन मिनिटं 4-6 चा श्वास. खाली असेल तर जागच्या जागी धावणं, उड्या, जोशाचा शब्द. पट्ट्यात असेल तर काहीही करू नका.

धडधड व्हायला लागली की मुलाला "घाबरू नकोस" म्हणू नका. भीती आणि उत्साह यांत शरीर जवळपास सारखंच वागतं. "अंग तयार होतंय" म्हणा. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या अभ्यासात, भाषण किंवा गाण्याआधी ज्यांनी धडधडीला उत्साह म्हटलं त्यांची कामगिरी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. मुलांना हे लगेच पटतं, कारण खोटं काही सांगावं लागत नाही.

मग वहीतलं एक पान वाचायचं: गेल्या आठ आठवड्यांत जमलेल्या पाच गोष्टी. "उड्यांनंतर पाचपैकी पाच." "17-17 वरून चार गेम काढले." आत्मविश्वासाचा सगळ्यात भक्कम आधार स्वतः केलेलं काम असतो. माझ्या कौतुकाला त्यानंतरची जागा.

21 गुणांच्या गेममध्ये आघाडीच्या खेळाडूचे 11 गुण झाले की 60 सेकंद मिळतात. ती अशी वाटा: पहिली 20 श्वास आणि टॉवेल, कुणी बोलायचं नाही. पुढची 20 पाणी आणि प्रशिक्षकाचं एकच वाक्य. शेवटची 20 खेळाडूची स्वतःची. मी एकेकाळी साठ सेकंदांत सहा सूचना द्यायचे. मुलं मान डोलवायची आणि कोर्टवर जाऊन सहावीही विसरायची.

पालकांसाठी: हॉलमध्ये शिरताना तीन वाक्यं पुरेत. "पाणी घेतलंस? मी तिकडे बसलेय. मजा कर." गुण गेल्यावर कपाळावर हात मारू नका. तुम्ही कितीही मागे बसलात तरी मुलाला ते दिसतं.

## टप्पा 9: सामन्यानंतर

घरी जाताना विश्लेषण नाही. जिंकलं तरी नाही. भूक लागलीय का विचारा, गाडीत किंवा ट्रेनमध्ये शांत बसू द्या. मूल स्वतः बोललं तर ऐका.

दुसऱ्या दिवशी वही उघडायची. काय जमलं? माळ कुठे तुटली? पुढच्या आठवड्यात कशाचा सराव? तिन्ही उत्तरं मुलाची. कारणं कशी लिहितो तेही बघा. "नशीब नव्हतं", "अंपायर त्यांचाच होता", "मला हे येतच नाही" यांतलं एकही त्याच्या हातातलं नाही. "19-18 वर माळ सोडली" हे हातातलं आहे, त्यावर मंगळवारी काम करता येतं. जिंकल्यावरही तेच: "समोरचा ढिला होता" यावर सोडू नका, स्वतः काय नीट केलं ते लिहायला लावा.

आणि एक बाजू अशी की जिथे वही पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, आवडता खेळही नकोसा झालेला, खाणं तुटलेलं किंवा वजनाचा सतत ध्यास, दुखणं लपवून खेळणं, "माझा काही उपयोग नाही" असं पुन्हा पुन्हा बोलणं, यांतलं काहीही दिसलं तर सामने थांबवा आणि मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. शाळेच्या समुपदेशकांपासून सुरुवात करता येते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 वर मोफत मिळते आणि मराठीत बोलता येतं. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच रात्री फोन करा आणि त्याला एकटं सोडू नका.

स्पर्धा संपल्यावर वही बंद करायची नाही. एक आठवडा विश्रांती, मग पुन्हा टप्पा 1: दोन आकडे, दोन रकाने. पट्टा वयाबरोबर सरकतो. बाराव्या वर्षी 4 वर उत्तम खेळणारी मुलगी पंधराव्या वर्षी 6 वर खेळताना मी पाहिली आहे, आणि तिची जुनी माळ तोवर तिला संथ वाटायला लागली होती. आम्ही तारांवर बोट फिरवणं काढून टाकलं आणि शब्द बदलला. नवा तिनेच आणला.